आयरिश टोकन आणि जुनी नाणी: ओळखायची कशी, साफ करायची का?

लीकाठ

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहतो. आमच्या घरमालकीणबाई माळा आवरत होत्या, त्यात तंबाखूचा एक पत्र्याचा डबा निघाला. "तुला असलं काहीतरी आवडतं ना, ने" म्हणून देऊन टाकला. बाईंचं माहेर उत्तरेतल्या अँट्रिमकडचं, आजोळ डब्लिनच्या दक्षिणेला विकलोचं. त्यामुळे डब्यात दोन्हीकडचा ऐवज दिसतोय.

आत काय आहे ते सांगतो. कोंबडी आणि पिल्लं असलेल्या बऱ्याच मोठ्या पेन्या. मासा असलेली पांढरी नाणी, त्यांवर १९३९, १९४० आणि १९५१ अशी सालं. एक तांब्याचं, त्यावर बिशपचं डोकं आणि मागे ढाल. दुसरं तांब्याचं, त्यावर बसलेली बाई, शेजारी हार्प, साल १७२३. एक पिवळट-काळं, त्यावर मुकुट आणि फुलीसारखे दोन दंड, बाकी काही लागत नाही. आणि शिशाचा एक चपटा तुकडा, त्यावर दोन अक्षरं आणि १८०३.

कोणतं काय आहे आणि साफ कशाने करू? सगळी मळकट आहेत, तांब्याच्या दोन्हींवर हिरवं आलंय. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, चिंचेच्या कोळात टाक.

आमसूल

आई बरोबर सांगतायत. चिंच, चिमूटभर मीठ, वरून बारीक रांगोळी. आमच्या देवघरातली समई बघा येऊन.

ढब्बूपैसा

अरे थांब! चिंच, लिंबू, कोकम, पितळेची पावडर, टूथपेस्ट, काहीही लावू नकोस. आमसूलताई, समईला रोज तेलवात असते, दर सणाला ती घासली जाते, तिचं काम चमकणं आहे. नाण्याचं तसं नाही. त्याच्यावरचा राप, म्हणजे काळाने चढलेला रंगाचा थर, गेला की किंमत निम्म्याहून खाली येते, आणि किंमत बाजूला ठेवली तरी ओळख पटवायचा पुरावाच घासला जातो. तुझ्या त्या पिवळट-काळ्या नाण्याच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी ढोबळ खूण. हार्प आहे म्हणजे आयर्लंड, हे आठव्या हेन्रीपासून चालत आलंय. हार्पवर मुकुट असेल तर इंग्रज राजाचं. तिसऱ्या जॉर्जचे १७६६ ते १७८२ मधले अर्ध्या पेनीचे तुकडे, मग १८०५ ची पेनी आणि अर्धी पेनी, मग चौथ्या जॉर्जचे १८२२-२३ चे. १८२६ मध्ये आयर्लंडचं वेगळं चलनच मोडीत निघालं. मुकुट नसलेला हार्प असेल तर बहुतेक १९२८ नंतरचं. आणि राजाचा पत्ताच नाही, एखाद्या दुकानदाराचं, गावाचं किंवा कंपनीचं नाव आहे, तर ते टोकन.

बिशपवाला तुकडा क्रोनबेनचा. विकलोमध्ये अव्होका नदीच्या खोऱ्यात तांब्याच्या खाणी होत्या, तिथल्या असोसिएटेड आयरिश माइन कंपनीने १७८९ चं हे अर्ध्या पेनीचं टोकन काढलं. ढालीच्या वर बघ, खाणीतून माल ओढायचा रहाट दिसेल. त्या काळात सरकारी तांब्याची चिल्लर येतच नव्हती, १७८२ नंतर थेट १८०५. मजुरांना पगार द्यायचा कसा, दुकानात सुटे आणायचे कुठून? म्हणून कंपन्यांनी आपलीच चिल्लर पाडली. शेजारच्याच कॅमॅक, कायन आणि कॅमॅक या मंडळींची १७९२ ची टोकनंही भरपूर सापडतात, त्यावर बसलेली हायबर्निया (बाईच्या रूपातलं आयर्लंड) आणि मागे अक्षरांची गुंतवळ असते. क्रोनबेनच्या नकलाही त्याच काळात बेसुमार निघाल्या. तेव्हा वजन कर आणि काठ बघ. अस्सल तुकड्यांच्या काठावर कुठे पैसे मिळतील ते कोरलेलं असतं. तुझ्याकडे काठ कोरा असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

१७२३ चं वुडचं. विल्यम वुड नावाच्या इंग्रज लोखंडव्यापाऱ्याने आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळवला. तो त्याने राजाच्या मर्जीतल्या डचेस ऑफ केंडलकडून १०,००० पौंडांना घेतला होता. आयर्लंडच्या पार्लमेंटला विचारलंसुद्धा नाही. मग १७२४ मध्ये लेखक जोनाथन स्विफ्टने डब्लिनच्या कापडवाल्याचं सोंग घेऊन अशी काही पत्रं लिहिली की नाणी हातात घ्यायला कोणी तयार होईना. गंमत म्हणजे न्यूटन तेव्हा लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता. त्याच्या देखरेखीखाली तपासणी झाली आणि धातू उत्तम निघाला. लोकांचा राग धातूवर नव्हताच. १७२५ मध्ये परवाना मागे घेतला गेला, आणि यातली बरीच नाणी अमेरिकेतल्या वसाहतींत गेली. म्हणून आज अमेरिकन संग्राहकही त्यांच्यामागे असतात आणि भाव चढा राहतो. १७२२ च्या पहिल्या छापात हार्प बाईच्या पुढ्यात असतो, नंतरच्यात ती मागच्या हार्पवर टेकलेली असते. तुझं दुसऱ्या प्रकारचं असणार.

शिशाचा तुकडा नाणं नाही. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं कम्युनियन टोकन आहे. प्रभुभोजनाच्या आधी वडीलधारे सभासदांना तपासायचे आणि लायक ठरलेल्याला हा तुकडा द्यायचे. रविवारी तो टेबलाशी परत करायचा. अक्षरं मंडळीची किंवा पाद्र्याची. बाईंचं माहेर अँट्रिमकडचं म्हणतोस, जुळतंय सगळं.

आता मुकुट आणि दोन दंड. हे बहुधा गन मनी आहे आणि तू त्याला चिंचेत घालणार होतास.

आमसूल

बरं बाबा, नाही घालत. पण गन मनी म्हणजे काय ते तरी सांगा.

ढब्बूपैसा

दुसरा जेम्स इंग्लंडच्या गादीवरून हुसकला गेला आणि मार्च १६८९ मध्ये किन्सेलला उतरला. कॉर्कहून किन्सेल जवळच आहे, लीकाठ कधीतरी जाऊन आलाच असेल. फौज होती, पगाराला चांदी नव्हती. मग जुन्या तोफा, फुटक्या घंटा, स्वयंपाकघरातली भांडी, जे हाती लागेल ते वितळवून सहा पेन्स, शिलिंग आणि अर्धा क्राउन पाडायला सुरुवात केली. युद्ध जिंकलं की चांदी देऊ, असा वायदा. म्हणून यावर सालाबरोबर महिनाही आहे. जगात अशी नाणी फारच थोडी.

मुकुटाच्या वर किंमत रोमन आकड्यांत, खाली महिना. तो महिनाही गमतीदार. ऑक्टोबरसाठी कधीकधी ८ आणि पुढे 'बर', नोव्हेंबरला ९ आणि 'र', डिसेंबरला १० आणि 'र'. लॅटिनमध्ये ऑक्टो म्हणजे आठ, म्हणून ऑक्टोबरला आठ. ८ दिसला म्हणून ऑगस्ट समजू नका, अनेकजण तिथेच फसतात. शिवाय तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे एकाच मार्च महिन्याची 'मार्च १६८९' आणि 'मार्च १६९०' अशी दोन्ही नाणी आहेत.

१६९० मध्ये धातू पुरेना, तेव्हा आकार लहान केला. आधीच्या मोठ्या अर्ध्या क्राउनवरच नवा छाप ठोकून त्याचे क्राउन केले, त्यावर जेम्स घोड्यावर आहे. नीट बघितलं तर घोड्याच्या पोटाखाली जुना मुकुट किंवा जुनी अक्षरं डोकावतात. जुलै १६९० मध्ये जेम्स बॉइनची लढाई हरला, फ्रान्सला पळाला, आणि त्याच्या जागी राजा झालेल्या विल्यमने ३० पेन्सचा मोठा अर्धा क्राउन एका पेनीवर आणून ठेवला. लिमरिक शहर मात्र १६९१ पर्यंत जेम्सच्या बाजूने झुंजत होतं. तिथे गन मनीच्या शिलिंगवर बसलेली हायबर्निया ठोकून अर्ध्या पेन्या केल्या. त्यातला इंग्रजी 'एन' उलटा असतो.

आता सांगा, खालचा छाप शोधायचा तो केसाएवढ्या उठावात. तो रांगोळीने घासला तर राहील काय?

रसायनवाली

ढब्बूपैसाकाकांच्या ओळखीच्या भागाला +१. रसायनाचं मी सांगते.

चिंचेतलं आणि लिंबातलं आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं, म्हणून चकाकी येते. गन मनीसारख्या पितळी मिश्रणातून ते जस्तही ओढतं. मग पृष्ठभाग गुलाबी पडतो. असा गुलाबी डाग असलेलं नाणं कोणत्याही व्यापाऱ्याला टेबलाच्या पलीकडून कळतं. पण त्याहून वाईट मीठ. मिठातला क्लोराइड तांब्याच्या छिद्रांत जाऊन बसतो. भांडं तुम्ही परत धुता, वापरता, घासता. नाणं डब्यात दहा-वीस वर्षं पडून राहतं आणि तेवढा वेळ क्लोराइडला पुरतो.

लीकाठ, तुझ्या तांब्याच्या तुकड्यांवरचं हिरवं दोन प्रकारचं असू शकतं. पहिलं कडक, गुळगुळीत, गडद, टूथपिकने खरवडलं तर हलत नाही. तो राप आहे, राहू दे. दुसरं फिकट हिरवं, पिठासारखं, टोचलं की झडतं आणि खाली खळगा दिसतो. हा ब्रॉन्झ डिसीझ. आत तांब्याचं क्लोराइड असतं. हवेतला ओलावा लागला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड. पुसलं तरी परत येतं, कारण मूळ आतच असतं.

खात्री करायची असेल तर नाणं झाकणाच्या डबीत ठेव, शेजारी ओला कापूस, नाण्याला न लागता. एका दिवसात नवे फिकट ठिपके उगवले तर रोग चालू आहे. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढ.

साफ करायची उतरंड अशी, आणि बहुतेक नाणी पहिल्या पायरीवरच थांबवावीत:

डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजव. कॉर्कमध्ये गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळेल. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. पाणी रोज बदल, माती सुटत जाते. मग मऊ कापडावर ठेवून टिपून घे, पुसू नको. पुसणं म्हणजे मातीचे कण नाण्यावरून ओढणं.

चिकट घाण, तंबाखूचा चिकट थर, जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे आलेला हिरवट चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या बाटलीत, खिडकी उघडी, गॅसपासून लांब. ॲसिटोन धातूला हात लावत नाही.

अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलेलं असेल तर भिंगाखाली टूथपिक. टोक पाण्यात भिजवून, एका वेळी एक अक्षर. पिन किंवा सुई कधीच नाही. जुने संग्राहक गुलाबाचा काटा वापरतात, तो लाकडाइतकाच मऊ आणि टोकदार असतो.

रोग लागलेल्या तांब्यासाठी धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा मिळून डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रावण, महिनोन्‌महिने, पाणी बदलत. त्याने रापाचा रंग बदलू शकतो हे आधीच माहीत असावं. ऑलिव्ह तेलात बुडवायचा सल्ला जागोजागी दिसेल. तेलातही थोडं आम्ल असतं आणि नाणं काळवंडतं, मी तरी करणार नाही.

शिशाचा तुकडा मात्र हातमोजे घालून. त्यावर पांढरी पूड असेल तर ते शिशाचं कार्बोनेट, विषारी. फुंकर मारू नको, पाण्यात घालू नको, व्हिनेगर तर जवळही नको. आणि ओकच्या लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवू नको. त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं हळूहळू पूड होऊन जातं.

जुनेपुराणे

वाचनखूण साठवली. ताई, ते क्रोनबेनचं तांबं पाण्यातून काढायचे ना?

रसायनवाली

हो, आणि ती गोष्ट याच रसायनाची आहे. क्रोनबेनच्या खाणीतून वाहणाऱ्या पाण्यात तांब्याचे क्षार विरघळलेले असायचे. अठराव्या शतकाच्या मध्यावर लक्षात आलं की त्या पाण्यात लोखंडाच्या पट्ट्या ठेवल्या की लोखंड जातं आणि तांबं साचतं. मग नीट खड्डे बांधून तसं तांबं जमवायला लागले. यावरून एक सावधगिरी: आम्लात लोखंडाची चिमटी आणि तांब्याचं नाणं एकत्र कधी घालू नका, नाण्यावर तांब्याची पुटं चढतील. बॅटरी लावून घरगुती इलेक्ट्रोलिसिस करणारे व्हिडिओ बघून कोणी प्रयोग केले तर छाप आणि राप दोन्ही जातात.

सोनारगल्ली

आमचं घराणं चांदीचं काम करतं, तेव्हा चांदीपुरतं बोलतो. काळी पडलेली चांदी ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घातला की दोन मिनिटांत पांढरी. काहीही घासत नाही आपण. मग मासा असलेल्या नाण्यांना काय हरकत आहे?

ढब्बूपैसा

शेठ, दागिन्याला ठीक. फॉइलने सल्फाइडचं परत चांदीत रूपांतर होतं, पण पृष्ठभाग मेलेला, सपाट दिसतो. टांकसाळीतून आलेली ती फिरती चमक गेलेली असते. भांडं घासून मिळणारी चमक आणि नाण्याची मूळ चमक या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दुसरी परत येत नाही.

मासेवाली नाणी म्हणजे फ्लोरिन. १९२८ ला आयर्लंडने स्वतःची नाणी काढली. समितीचा अध्यक्ष कवी येट्स, चित्रं पर्सी मेटकाफची. फार्दिंगवर वुडकॉक पक्षी, अर्ध्या पेनीवर डुकरीण आणि पिल्लं, पेनीवर कोंबडी, तीन पेन्सवर ससा, सहावर वुल्फहाउंड, शिलिंगवर बैल, फ्लोरिनवर सामन मासा, अर्ध्या क्राउनवर घोडा. शेतीखात्याने बैल आणि डुकराच्या चणीवर हरकत घेतली आणि जनावरं चांगल्या जातीची दिसावीत म्हणून चित्रं बदलायला लावली! येट्सला ते अजिबात आवडलं नव्हतं. मला विचाराल तर इतका सुंदर चिल्लरसंच कुठल्याच देशाने काढलेला नाही, आणि १९७१ मध्ये दशमान आणताना त्यातला निम्मा मोडला.

शिलिंग, फ्लोरिन आणि अर्धा क्राउन १९४३ पर्यंत ७५ टक्के चांदीचे. १९५१ पासून तांबं-निकेलचे. लीकाठ, म्हणजे तुझी १९३९ आणि १९४० ची चांदीची, १९५१ चं नाही. वजन तेच ठेवलं होतं, म्हणून तराजूवर फरक कळणार नाही, साल बघायचं. ससा आणि वुल्फहाउंडवाली पहिल्यापासून निकेल, ती कितीही चकाकली तरी चांदी नव्हेत. १९४३ चा फ्लोरिन किंवा अर्धा क्राउन मिळाला तर उड्या मारायच्या आधी थांब. तो फार थोडा बाहेर पडला आणि आकडा खोदून बदललेल्या नकला फिरतात. अशा नाण्याला ॲसिटोनसुद्धा लावायचा नाही. आहे तसं तज्ज्ञाला दाखवायचं.

मुंबैकर_बर्मिंगहॅम

माझ्याकडे याच कुळातलं एक आहे म्हणून लिहितो. बँक ऑफ आयर्लंडचं १८०४ चं सहा शिलिंगचं टोकन. सुमारे ४१ मिमी, चांगलंच जड. पुढे तिसरा जॉर्ज, मागे हायबर्निया. तेव्हा चांदीचीही टंचाई होती. स्पेनच्या आठ रिआलच्या डॉलरवर बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत नवा छाप ठोकला गेला. माझ्या तुकड्यावर राजाच्या हनुवटीखाली स्पॅनिश अक्षराचा एक कोपरा दिसतो. एका घाऊक विक्रेत्याकडे मी असंच एक पाहिलं, पॉलिश करून आरसा केलेलं, खालच्या छापाचा मागमूस नाही. निम्म्या किमतीला देत होता तरी कोणी घेईना.

अवांतर: त्याच सोहो टांकसाळीत १८०४ मध्येच मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पडली. एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसरीकडे तराजू आणि फारसीत 'अदल'. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत होती. दोन्ही शेजारी ठेवली की काठाची धाटणी सारखी दिसते.

ढब्बूपैसा

वा, फोटो टाका की राव!

डब्लिनवासी

एक कायद्याची गोष्ट, कारण अशा धाग्यांवर कोणीतरी मेटल डिटेक्टरचा विषय काढतंच. आयर्लंडमध्ये परवानगीशिवाय डिटेक्टर घेऊन पुरातन वस्तू शोधणं १९८७ पासून गुन्हा आहे. जमिनीत काही सापडलं तर ते राष्ट्रीय संग्रहालयाला कळवायचं, ते तुमचं होत नाही, आणि अशी वस्तू परवान्याशिवाय साफ करायचीही नाही. माळ्यावरचा वारसा वेगळा. घरमालकीणबाईंनी दिलं आहे, तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घे. पुढे विकायचं झालं तर कामाला येईल. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.

लीकाठ

सगळ्यांचे आभार. डिस्टिल्ड वॉटरचं काम सुरू केलं. आधी पाणी चहासारखं झालं, मग जवळजवळ स्वच्छ.

गन मनी बाहेर काढलं. दिवा बंद करून फोनचा टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवा धरला आणि नाणं हळूहळू फिरवलं. वर 'एक्स', 'आय', 'आय' नीट दिसले, म्हणजे बारा पेन्स, म्हणजे शिलिंग. मुकुटाच्या खाली आधी नुसती खरखर, मग टॉर्च डावीकडून आला तेव्हा सावलीत ९ उमटला आणि त्याला चिकटून 'र'. नोव्हेंबर १६८९! सरळ उजेडात तिथे काहीच दिसत नव्हतं. पाण्याशिवाय काही लावलेलं नाही आणि लावणारही नाही.

क्रोनबेनच्या काठावर अक्षरं आहेत. वुडच्या नाण्यावर मात्र हार्पच्या बाजूला फिकट हिरवी पूड आहे, टूथपिकने झडली आणि खाली खळगा निघाला. ते वेगळ्या डबीत टाकलंय. सोड्याचं द्रावण करायचं म्हणतोय. करू का?

रसायनवाली

वुडच्या नाण्यांना अमेरिकेत गिऱ्हाईक असतं, म्हणून आधी कोरडं ठेवून बघ. सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डबीत दोन-तीन महिने. जेलचे रंग बदलणारे दाणे घे, म्हणजे ओलावा शिरलाय का ते कळेल. कॉर्कची हवा दमट आहे, खिडकीजवळ ठेवू नको. पूड वाढली नाही तर सोडा नकोच. वाढली तर मग द्रावण, आणि त्याआधी दोन्ही बाजूंचे चांगले फोटो.

आमसूल

फोटोत नाण्याशेजारी पट्टी ठेव रे. मागे आमच्या शिवराईचे फोटो टाकले तर काकांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

ढब्बूपैसा

विचारणारच! आणि वजनही लिही, दोन दशांशांपर्यंत. पाकिटं मऊ प्लॅस्टिकची नकोत, मायलारची घे. नोव्हेंबरच्या शिलिंगचा फोटो याच टॉर्चच्या कोनातून टाक. त्या महिन्याच्या छापांत बारीक फरक आहेत, राजाच्या डोक्याकडची बाजूही लागेल.